मुलांस प्रार्थना करावयास कसें शिकवावें?

पाठ : १ शमुवेल ३ : १–१०, लूक ११ : १–१३, मार्क १४ : ३२–३६



आमच्या खेड्यांतील मंडळ्यांस भेट देतांना आम्ही आईबापांस विचारितों, "तुमचीं मुलें प्रार्थना करितात काय?" बहुतेक घरीं एकच उत्तर मिळतें : "होय पाळकसाहेब, सगळें पाठ आहे." मग मुलास पुढें उभें करितात. तें डोळे घट्ट मिटतें, हात जोडतें आणि प्रभूची प्रार्थना एका दमांत म्हणून टाकितें. "आमेन" उच्चारतांच तें अंगणांत पळून जातें, आणि आईबाप समाधानानें आमच्याकडे पाहतात.

त्या मुलास अथवा त्या आईबापांस दोष देण्याचें आमच्या मनांत नाहीं. पाठ केलेले शब्द वाईट नव्हेत. ते बियाण्यासारखे असतात, आणि बियाणें घरांत असलेलें बरें. परंतु कणगींत बियाणें असणें व बांधींत धान उगवणें ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. प्रार्थना पाठ असणें व प्रार्थना करणें ह्यांतही तेवढेंच अंतर आहे. हें अंतर आम्हांस स्वतःसही फार उशिरां कळलें, आणि तें कळण्यापूर्वीं आमच्या हातून एका लहान मुलीविषयीं मोठी चूक घडली. ती चूक आम्ही येथें सांगतों, म्हणजे ती दुसऱ्या कोणाच्या हातून घडूं नये.

वैनगंगेच्या कांठच्या एका गांवीं आमच्या मंडळीचें एक कुटुंब राहत होतें. त्या घरीं आठ वर्षांची मुलगी होती. ऐन पावसाळ्यांत तिला भाऊ झाला. थोड्याच दिवसांनीं बाळानें अंगावर पिणें सोडिलें व त्यास ताप भरला. घरांत दोन दिवस प्रार्थना झाली. आम्हीही तेव्हां तेथें होतों व प्रार्थनेंत सामील झालों. दवाखान्याचें नांव तिसऱ्या दिवशीं निघालें, आणि तोंवर वाटेंतील नाल्यास पूर आला होता. दिवेलागणीस ती मुलगी कोपऱ्यांत गुडघे टेकून भावासाठीं देवाजवळ मागत असे. चौथ्या दिवशीं पहाटे बाळ गेलें.

बाळास माती दिल्यावर तिनें आम्हांस विचारिलें, "मी तं रोज मागत होती. देवानं काहून नाही ऐकलं?"

आम्ही घाईंत होतों, आणि उत्तर जिभेवर तयार होतें. आम्ही म्हणालों, "बाळ, पूर्ण विश्वासानें मागितलें म्हणजे देव देतो." मुलगी कांहीं बोलली नाहीं. महिन्याभरानें आम्ही पुन्हां त्या गांवीं गेलों तेव्हां तिच्या आजीनें आम्हांस बाजूस बोलावून सांगितलें कीं, पोर प्रार्थनेच्या वेळीं ओठ उघडीत नाहीं. रात्रीं उठून रडते, आणि म्हणते कीं आपला विश्वास कमी पडला म्हणून भाऊ मेला.

वाचकहो, आमच्या एका वाक्यानें आठ वर्षांच्या लेकरावर भावाच्या मरणाचा भार ठेविला होता. त्या दिवसापासून आम्ही हा विषय पवित्र शास्त्रांतून नव्यानें शिकूं लागलों. जें शिकलों तें पुढें क्रमानें मांडितों.

१. थोडे शब्द द्यावे, आणि मुलास देवाजवळ जाऊं द्यावें

मुलास प्रार्थना शिकविल्याची सर्वांत सुंदर गोष्ट शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकांत आहे. मंदिरांत निजलेल्या शमुवेलास रात्रीं हांक ऐकूं येते. तो तीन वेळां धांवत एली याजकाकडे जातो. मुलास देवाची वाणी व गुरूची वाणी ह्यांतील भेद अजून कळत नाहीं. आमच्याही मुलांचें असेंच असतें. तीं प्रथम आईच्या, आजीच्या, मास्तरांच्या आवाजांतच देवास ओळखूं पाहतात. त्यांत कांहीं वावगें नाहीं.

एलीस खूण पटली तेव्हां त्यानें काय केलें हें पाहा. त्यानें लांब उपदेश केला नाहीं. "चल, मी तुझ्याबरोबर येतों व तुझ्या वतीनें बोलतों," असेंही तो म्हणाला नाहीं. त्यानें मुलाच्या तोंडांत एकच लहानसें वाक्य घातलें, आणि त्यास त्याच्या जागेवर परत पाठविलें. त्या वाक्याचा अर्थ एवढाच कीं, प्रभूनें बोलावें, दास ऐकत आहे. मुलास पहिली प्रार्थना शिकविली ती मागण्याची नव्हती, ऐकण्याची होती.

ह्यांत उपदेशकांसाठीं दोन गोष्टी आहेत. पहिली ही कीं, शब्द थोडे असावे. पांच वर्षांच्या मुलास तीन वाक्यें पुरेत : एक आभाराचें, एक चुकीच्या कबुलीचें, एक मागणीचें. दुसरी ही कीं, शब्द दिल्यावर आपण बाजूस व्हावें. मूल अडखळलें कीं त्याचें वाक्य आपण पुरें करितों. तें चुकलें कीं हंसतों अथवा सुधारितों. तसें करूं नये. तें त्या वेळीं आमच्याशीं बोलत नाहीं.

एलीच्या गोष्टीला एक दुःखाची बाजूही आहे. ज्यानें दुसऱ्याच्या मुलास प्रार्थना शिकविली त्याचे स्वतःचे मुलगे मात्र वाईट मार्गास लागले. गांवोगांव फिरून लोकांच्या मुलांस शिकविणाऱ्या आम्हां पाळकांनीं व उपदेशकांनीं हा अध्याय वर्षांतून एकदां तरी आपल्या स्वतःच्या घरीं बसून वाचावा.

२. मूल पाहून शिकतें

लूक ११ व्या अध्यायांत शिष्य प्रभूस विनवितात कीं आम्हांस प्रार्थना करावयास शिकवा. पण ही विनवणी त्यांस केव्हां सुचली? प्रभु एके ठिकाणीं प्रार्थना करीत होता, ती संपल्यावर. प्रथम त्यांनीं त्यास प्रार्थना करितांना पाहिलें. मग त्यांस इच्छा झाली. आणि मग प्रभूनें शब्द दिले. आम्ही हा क्रम उलटा करितों. प्रथम शब्द देतों, इच्छा कधीं उत्पन्न होत नाहीं, आणि आईबाप प्रार्थना करितांना मुलाच्या दृष्टीस पडतात ते केवळ रविवारीं.

खेड्यांतील मुलांस नांगर धरणें, मोहफुलें वेंचणें, तेंदूच्या पानांचे पुडे बांधणें हें कोण शिकवितें? त्यासाठीं शाळा नाहीं. मार्च–एप्रिलांत पहांटेस आईच्या मागून टोपली घेऊन जातां जातां मूल मोहफुलें वेंचावयास शिकतें. अनुवाद ६ : ७ ह्या वचनांत देवानें इस्राएलास हीच रीत सांगितली आहे : घरीं बसतांना, वाटेनें चालतांना, निजतांना व उठतांना मुलांशीं देवाच्या गोष्टी बोलाव्या. त्यांत शाळेच्या घंटेचा उल्लेख नाहीं.

कोणी म्हणतील, "प्रभूनें तर खोलींत जाऊन दार लावून प्रार्थना करावयास सांगितलें आहे, आमचें घर एका खणाचें, त्यांत सात माणसें." बंधूंनो, प्रभूस स्वतःसही अशी खोली नव्हती, तो पहाटेस उठून अरण्यांत जात असे (मार्क १ : ३५). अरण्याची आमच्याकडे वाण नाहीं. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारें तीन चतुर्थांश भाग वनानें व्यापिलेला आहे. बांधाच्या कडेस अथवा मोहाच्या झाडाखालीं बापास क्षणभर मान लववून उभा राहिलेला मुलानें पाहिला, तर तो धडा तें जन्मभर विसरणार नाहीं.

३. घरच्या बोलींत प्रार्थना करूं द्यावी

आमच्या मंडळ्यांत एक अडचण विशेष आहे. चंद्रपूर, मूल, ब्रह्मपुरी, आरमोरी ह्या भागांत घरची बोली झाडीकडील मराठी, कोरची, धानोरा, एटापल्ली, भामरागड ह्या बाजूस गोंडी व माडिया, सिरोंच्यास तेलुगु. परंतु प्रार्थनेस बसलें कीं मुलानें पुस्तकी मराठी बोलावी अशी आपली समजूत असते. परिणाम असा होतो कीं, मुलास वाटतें देवास आपली बोली येत नाहीं. मग तें देवास पाहुण्यासारखें मानतें : समोर आला कीं स्वच्छ कपडे घालावयाचे, आणि गेला कीं सुटल्यासारखें वाटावयाचें.

आमच्या पूर्वजांनीं असें केलें नव्हतें. इंग्लंडांतून १५७९ मध्यें गोव्यास आलेले फादर थॉमस स्टीफन्स हे रोमन पंथाचे होते, तरी ह्या बाबतींत ते आपणां सर्वांचे गुरु आहेत. त्यांनीं लोकांची भाषा इतकी आपलीशी केली कीं १६१६ मध्यें त्यांचें 'ख्रिस्तपुराण' मराठी ओवीबद्ध निघालें. आणि ख्रिस्ती शिकवण प्रश्नोत्तररूपानें सांगणारें त्यांचें लहान पुस्तक त्यांच्या मरणानंतर १६२२ मध्यें गोव्याच्या कोंकणी बोलींत छापिलें गेलें. पुढें बंगालांतील श्रीरामपूर येथें डॉ. विल्यम कॅरी ह्यांनीं १८०५ मध्यें मत्तयाचें शुभवर्तमान मराठींत छापिलें. त्यांस साह्य करणारे वैजनाथ पंडित नागपूरकडचे असल्यामुळें त्या भाषेस आमच्या ह्या बाजूचें वळण होतें असें जाणते सांगतात. म्हणजे प्रॉटेस्टंट मिशनच्या छापखान्यांतून प्रभूची प्रार्थना मराठींत प्रथम बाहेर पडली ती पुण्यामुंबईच्या वळणानें नव्हे, तर आमच्या बाजूच्या वळणानें. पंडिता रमाबाईंनीं तर इब्री व ग्रीक भाषा शिकून, आयुष्याच्या शेवटापर्यंत खपून, संपूर्ण पवित्र शास्त्राचें भाषांतर केलें, तें साध्याभोळ्या स्त्रियांस समजावें एवढ्याचसाठीं. १९२२ मध्यें त्यांचा अंत झाला त्यापूर्वीं तें काम पुरें झालें होतें.

आणखी एक गोष्ट पाहा. आमच्या मराठींत वडील माणसांस "तुम्ही" म्हणतात, पण आईस "तूं" म्हणतात, आणि देवासही "तूं"च म्हणतात. भाषेनेंच आम्हांस शिकवून ठेविलें आहे कीं, देवाची थोरवी साहेबाच्या थोरवीसारखी नसून आईच्या थोरवीसारखी आहे. प्रभु येशूनें प्रार्थनेंत "अब्बा" हा शब्द वापरिला; तो अरामी भाषेंत घरीं बापास हांक मारण्याचा शब्द होता. तेव्हां मूल घरीं आपल्या बापास ज्या शब्दानें हांक मारितें, मग तो मराठी असो, गोंडी असो, माडिया असो कीं तेलुगु असो, त्याच शब्दानें त्यास देवास हांक मारूं द्यावी. मंडळींत सर्वांनीं मिळून म्हणावयाची प्रार्थना मराठींत असो. पण रात्रीं अंथरुणावर बसून मूल जें बोलेल तें त्याच्या आईच्या बोलींत असावें.

४. मुलानें खरें तें मागावें

प्रभूच्या प्रार्थनेचा क्रम मुलांस अवश्य समजावून द्यावा. प्रथम पित्याचें नांव, त्याचें राज्य व त्याची इच्छा. मग आजची भाकर, मग क्षमा, मग वाइटापासून सुटका. तींत "मला" हा शब्द कोठेंच नाहीं. सर्वत्र "आम्हांस" आहे. म्हणून मुलास भाकर मागावयास शिकवितांना विचारावें, "आणखी कोणाच्या घरीं आज भाकर नाहीं?" शेजारचें घर ख्रिस्ती असो वा नसो, त्याचें नांव मुलाच्या प्रार्थनेंत आलेंच पाहिजे. ज्या मुलाच्या प्रार्थनेंत फक्त आपलेंच घर असतें तें अजून अर्धीच प्रार्थना शिकलें आहे.

पण क्रम शिकवितांना मुलाच्या मनांतील खरी गोष्ट दडपूं नये. ब्रह्मपुरी, सिंदेवाही व ताडोबाच्या आसपासच्या गांवांत बाप पहाटेस मोहफुलांस निघाला म्हणजे मुलाच्या मनांत एकच विचार असतो : वाघ. अशा वेळीं त्या मुलास जगांतील सर्व राष्ट्रांसाठीं प्रार्थना सांगूं नये. त्यास म्हणूं द्यावें, "देवा, माझ्या बाला वाघ दिसूं देऊं नकोस." ही भीतीची प्रार्थना आहे, आणि भीति देवाजवळ घेऊन जाणें हाच विश्वासाचा आरंभ आहे. त्याच वेळीं बापासही विनवावें कीं त्यानें एकट्यानें जाऊं नये, उजाडल्यावर निघावें आणि वनखात्याच्या सूचना पाळाव्या. मूल प्रार्थना करितें म्हणून बापानें निष्काळजी व्हावें असें नाहीं.

तसेंच प्रार्थना म्हणजे गंडा अथवा ताईत नव्हे हें मुलास हळूहळू उमगलें पाहिजे. अमुक शब्द अमुक वेळां म्हटले म्हणजे काम होतें, ही समजूत आमच्यापैकीं पुष्कळांच्या घरांत जुनीच आहे. बाप्तिस्मा झाल्यानें ती एका दिवसांत जात नाहीं. ती कधीं कधीं ख्रिस्ती कपडे घालून परत येते. व्यर्थ पुनरुक्तीविषयीं प्रभूनें मत्तय ६ : ७ मध्यें जो इशारा दिला आहे तो आम्हांसही आहे. परीक्षेच्या दिवशीं प्रभूची प्रार्थना सात वेळां म्हणून शाळेंत जाणाऱ्या मुलास रागें भरूं नये. पण त्यास प्रेमानें सांगावें कीं, पिता पहिल्याच हांकेस ऐकतो.

५. प्रार्थना व औषध

वर सांगितलेल्या घरीं दोन दिवस दवाखान्याचें नांव निघालें नाहीं, ह्याबद्दल आम्ही आजही स्वतःस दोष देतों. त्या घरीं वडील माणसांनीं मुलीस नकळत असा धडा दिला कीं, विश्वास म्हणजे थांबून राहणें. तो धडा खोटा होता.

आमच्याच जिल्ह्यांत देवानें ह्याविषयीं मोठी साक्ष ठेविली आहे. गडचिरोलीजवळ शोधग्राम येथें डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्यांची 'सर्च' संस्था आहे. तिचें काम १९८६ पासून चाललें आहे. ह्या संस्थेनें खेड्यांतील साध्या स्त्रियांस आरोग्यदूत म्हणून शिकवून तयार केलें, आणि त्यांनीं ३९ गांवांत घरोघर जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. त्या कामाचा वृत्तांत १९९९ मध्यें इंग्लंडांतील 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला. तुलनेसाठीं घेतलेल्या इतर गांवांच्या मानानें तिसऱ्या वर्षीं त्या गांवांतील नवजात बाळांचे मृत्यु सुमारें ६२ टक्क्यांनीं घटले होते. पुढें ही रीत देशभर आशा सेविकांस शिकविण्यांत आली. बाळास ऊब देणें, आईचें दूध लवकर पाजणें, हात स्वच्छ ठेवणें, आणि धोक्याचीं लक्षणें वेळेवर ओळखणें ह्यांवर त्या स्त्रियांचा मोठा भर असे.

तेव्हां प्रत्येक उपदेशकानें हें ध्यानांत ठेवावें : बाळानें अंगावर पिणें सोडिलें, अंग गार पडलें अथवा तापलें, श्वास जोरानें चालूं लागला, रडणें क्षीण झालें, कीं त्याच घटकेस आशा सेविकेस बोलवावें व दवाखान्याची वाट धरावी. प्रार्थना वाटेंत करावी. मुलांस असें शिकवावें कीं, "देवा, बाळास बरें कर" ह्या वाक्यापुढें "आणि आशाताईस लवकर येऊं दे" हें वाक्य जोडलें तर पहिल्या वाक्याचा विश्वास उणा होत नाहीं. लूक, ज्याच्या शुभवर्तमानांतून आम्ही आजचा पाठ घेतला, तो वैद्यच होता (कलस्सै ४ : १४).

६. मागितलें तें मिळालें नाहीं तर?

आतां आम्ही मूळ प्रश्नाकडे येतों. मुलास प्रार्थना शिकविणारानें ह्या प्रश्नाचें उत्तर आधींच शोधून ठेविलें पाहिजे. कारण आमच्या खेड्यांत हा प्रश्न मूल दहा वर्षांचें होण्यापूर्वींच येतो.

त्या मुलीकडे परत जाण्यापूर्वीं आम्ही पुष्कळ दिवस मार्क १४ वा अध्याय वाचीत होतों. गेथशेमाने बागेंत प्रभु येशूनें पित्याजवळ मागणें मागितलें कीं हा प्याला माझ्यापासून दूर व्हावा. त्याच्या विश्वासांत कांहीं उणें होतें काय? त्यानें पुरेशा कळकळीनें मागितलें नव्हतें काय? तरीही तो प्याला दूर झाला नाहीं. ज्या पुत्राविषयीं पिता संतुष्ट होता त्याचीही एक विनंति मान्य झाली नाहीं. तेव्हां "विश्वास कमी पडला म्हणून मिळालें नाहीं" हें उत्तर, जें आम्ही त्या मुलीस दिलें, तें शास्त्राच्या उजेडांत टिकत नाहीं. तें उत्तर प्रथम येशूवरच अन्याय करितें.

मग लूक ११ मध्यें मागा म्हणजे मिळेल असें वचन आहे त्याचें काय? तेथें पुढील वचनें वाचावीं. मुलानें मासा मागितला तर बाप त्यास साप देणार नाहीं असें तेथें म्हटलें आहे. जें मागितलें तेंच नेहमीं मिळेल असें म्हटलेलें नाहीं. आणि शेवटीं पिता जें खात्रीनें देईल तें कोणतें? त्याचा स्वतःचा आत्मा. म्हणजे पिता कधीं वस्तु देतो, कधीं देत नाहीं. पण स्वतःस देण्यास तो कधीं नाहीं म्हणत नाहीं. देव बाळास वांचवितो कीं नाहीं हें कोणीही पाळक मुलास आधीं सांगूं शकत नाहीं. देव त्या रात्रीं त्या घरांत होता, हें मात्र आम्ही सांगूं शकतों व सांगितलें पाहिजे.

आम्ही त्या घरीं गेलों, मुलीजवळ ओट्यावर बसलों, आणि प्रथम तिची क्षमा मागितली. आम्ही म्हणालों, "बाळ, आम्हीं तुला चुकीचें सांगितलें. तुझा भाऊ तुझ्या विश्वासामुळें गेला नाहीं. तूं चांगलें मागितलेंस. आम्ही मोठीं माणसें त्याला वेळेवर दवाखान्यांत घेऊन गेलों नाहीं, आणि तो फार आजारी होता." मग आम्ही तिला गेथशेमानेची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग तिनें विचारिलें, "मंग देवाले वाईट वाटलं का?" आम्ही तिला लाजाराच्या कबरेजवळ प्रभु येशू रडला ती गोष्ट सांगितली (योहान ११ : ३५). पुढें काय करावयाचें हें माहीत असूनही तो रडला.

त्या रात्रीं दिवा लागल्यावर ती पुन्हां कोपऱ्यांत गुडघे टेकून बसली. तिच्या आजीनें ऐकलें तें आम्हांस पुढें सांगितलें. ती म्हणाली, "देवा, मी तुह्यावर रागावली आहो. माह्या भावाले थंडी वाजू नको देजो." एवढेंच. "आमेन" म्हणावयासही ती विसरली.

वाचकहो, आम्ही पुष्कळ प्रार्थना ऐकल्या आहेत, आणि स्वतः पुष्कळ केल्या आहेत. पण ह्याहून खरी प्रार्थना आम्हीं क्वचितच ऐकली असेल. तिच्या घरीं कोणी तिला "देवावर रागावूं नये" असें म्हणालें नाहीं, ह्याबद्दल आम्ही त्या आजीचे ऋणी आहों. ज्यावर रागावतां येतें, आणि रागावून पुन्हां ज्याच्याजवळच मागतां येतें, तो परका नसतो. त्या मुलीस त्या रात्रीं पिता परत मिळाला.

७. बळजबरी करूं नये

शेवटीं एक सूचना. प्रार्थनेस न बसल्याबद्दल मुलास जेवण न देणें, छडी दाखविणें अथवा चारचौघांत लाजविणें हें आमच्या कांहीं घरांत व शाळांत घडतें. अशानें मूल गुडघे टेकितें, पण मन टेकीत नाहीं. केडगांवच्या मुक्तिसदनांत पंडिता रमाबाईंच्या हाताखालीं शेंकडों मुली होत्या. १९०५ च्या आरंभीं त्यांनीं सर्वांस प्रार्थनेची सक्ति केली नाहीं. ज्यांस यावेंसें वाटतें त्यांनीं यावें असें विचारिलें. प्रथम सुमारें ७० मुली पुढें आल्या; पुढें त्यांची संख्या वाढत वाढत पांचशेंच्या वर गेली. प्रभूनेंही मुलांस आपणाकडे येऊं द्यावें, अडवूं नये, एवढेंच म्हटलें (मार्क १० : १४). ओढून आणा असें म्हटलें नाहीं.

घरीं करावयाचा अभ्यास

पुढील आठवडाभर प्रत्येक घरानें एवढें करून पाहावें :

(अ) तिन्हीसांजेस दिवा लावल्यावर सर्वांनीं पांच मिनिटें एकत्र बसावें. प्रथम आईनें अथवा बापानें आपल्या बोलींत तीन वाक्यांची प्रार्थना करावी. मोठ्यांची प्रार्थना लांबली कीं मुलें झोंपीं जातात, आणि तो दोष मुलांचा नसतो.

(आ) मग मुलांस विचारावें, "आज तुला कशाचा आनंद झाला? कशाची भीति वाटली? कोणाशीं भांडलास?" तें जें सांगेल तेंच त्याची प्रार्थना होईल : पहिलें आभार, दुसरें मागणें, तिसरें क्षमा.

(इ) शेवटीं सर्वांनीं मिळून प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणावी, आणि दररोज तिच्या एकाच वाक्याचा अर्थ मुलांस सांगावा.

उपदेशकांनीं रविवारच्या शब्बाथशाळेंत पुढील प्रश्न आईबापांपुढें ठेवावे :

१. एलीनें शमुवेलास किती शब्द दिले, आणि मग तो कोठें राहिला?

२. तुमच्या मुलानें तुम्हांस एकट्यानें प्रार्थना करितांना कधीं पाहिलें आहे काय?

३. देवानें आपलें ऐकलें नाहीं असें तुमच्या मुलानें म्हटलें तर तुम्ही काय उत्तर द्याल? तें उत्तर गेथशेमानेंतील येशूस लागू पडेल काय?

ह्या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर आज शोधून ठेवावें. मूल तो विचारील त्या दिवशीं शोधावयास वेळ मिळत नाहीं. आणि ज्या कोणीं आमच्यासारखेंच चुकीचें उत्तर देऊन ठेविलें असेल, त्यानें त्या मुलाकडे परत जावें. मुलें क्षमा करण्यांत आमच्याहून पुढें असतात. तीहि गोष्ट आम्ही त्या ओट्यावरच शिकलों.